तोंड आधी, मी नंतर

११ नोव्हेंबर
धरणी दुभंगून पोटात घेती तर बरं झालं असतं!
दुपारी बेल वाजली. दारात एक काळी पोर, हातात पिशवी. मी म्हटलं, "आज नको गं, फरशी झालीय पुसून. उद्यापासून ये कामाला."
ती हसली. "उद्याही येईन. आज शाकिरबरोबर आलेय. तो गाडी लावतोय."
मब्रूका! माझ्या लेकाची होणारी बायको! गाबेस शहरातली, औषधांच्या दुकानात मोठ्या हुद्द्यावर. 'हुशार आहे, हसरी आहे' — शाकिरने एवढंच सांगितलं होतं. रंगाचं बोलला नव्हता. का बोलावं त्याने?
पिशवीत माझ्यासाठी खजूर होते.

१२ नोव्हेंबर
जन्मभर शाळेत शिकवलं — माणसं सगळी सारखी. मनापासून मानते मी ते. मग काल दारात बोलली ती कोण? तिला गप्प करून माफी मागणारी मी, आणि न विचारता बोलून टाकणारीही मीच? माझ्यातली खरी कोणती?

२ मार्च
लग्न होऊन दीड महिना झाला. सुनेशी एकेक शब्द तोलून बोलते. चुकून काही निसटायला नको!
आज कुसकुस तिने केला. खारट. मी तरी दोनदा वाढून घेतला. माझी लेक रौदा पहिल्याच घासाला ओरडली, "वहिनी, आपल्या स्फॅक्सचा अख्खा समुद्र ओतलास की काय!" दोघी खिदळत सुटल्या. मी मात्र — "छे, छान झालाय."
भांडी विसळताना मब्रूका हळूच म्हणाली, "आई, रौदाला तुम्ही रागावता. मला कधी रागावणार?"
"तुझं काय चुकतंय म्हणून रागावू?"
"कुसकुस खारट होता, आई."
ताट पुसत राहिले.

२० जून
दिवस गेलेत तिला! शाकिर नुसता घरभर नाचतोय.

७ सप्टेंबर
एक भीती बसलीय. बाळ माझ्या हातात देतील, मब्रूका माझ्याकडे बघत असेल. बाळ तिच्या रंगावर गेलं, आणि क्षणभर — क्षणभरच — माझ्या चेहऱ्यावर काही उमटलं तर? जीभ आवरता येते. डोळ्यांना कोण आवरणार?
गच्चीवर बदाम फोडत बसलो होतो. सांगूनच टाकलं तिला. रडलेच.
तिने आणखी एक बदाम फोडला. मग म्हणाली, "मलाही भीती वाटते, आई. उलटी."
"म्हणजे?"
"बाळ शाकिरसारखं गोरं झालं तर? बागेत घेऊन गेले की बायका विचारतील — किती वर्षं आहेस गं या घरी कामाला?"
दारातला तो दिवस ती विसरली नाही. आणि तरी सोललेले बदाम माझ्याच वाटीत टाकत होती.

३ नोव्हेंबर
सातवा महिना, आणि बाईसाहेब स्टुलावर चढून ऑलिव्हची बरणी काढतायत!
"उतर खाली, गाढवे! अक्कल गहाण टाकलीस का?" — अख्ख्या जिन्यात ऐकू गेलं असेल.
उतरली. बघते तर डोळे भरलेले. मी घाबरले — हे काय बोलून बसले! तर गळ्यातच पडली. "रागावलात! आई, एकदाची रागावलात!"
वेडी पोर. मग मीही रडले. बरणी तशीच वर राहिली.

१९ जानेवारी
मुलगी! पहाटे झाली. दोघी सुखरूप. बाळंतिणीच्या गोडासाठी, ज़रीरसाठी, तीळ भाजायला घेतलेत.
दाईने हातात दिली आणि मी ओरडलेच — "अगं बाई, ही तर माझी आई!" तेच नाक. तशीच हनुवटी काढून रुसलेली. मब्रूका हसता हसता कळवळली — "हसवू नका, टाके दुखतात."
आता माझ्या बहिणीचा, हूरियाचा, फोन. पहिलाच प्रश्न — "काय गं, कुणाच्या रंगावर गेलीय?"
थांब म्हटलं. आत जाऊन बघून सांगते.