सतरा परड्या

रॉटरडॅम
७ ऑगस्ट २००६

प्रिय ताई,

फोनवर 'सगळं बरंय ना, सगळं बरंय' यातच कार्ड संपतं, म्हणून हे पत्र. सातवीनंतर पेन धरलं ते फक्त सहीपुरतं, तेव्हा अक्षराला हसू नकोस. आणि आप्पांना लगेच वाचून दाखवू नकोस. आधी तू एकटी वाच.

मी अजून त्याच मालबोटीवर आहे. रॉटरडॅमहून नदीनं जर्मनीत कोळसा पोचवायचा आणि रिकामं परत यायचं. एका जागी बूड टेकत नाही म्हणून आप्पा ओरडायचे ना, आता मला पगारच त्याचा मिळतो! माझ्या जोडीला नेस्टर नावाचा फिलिपिन्सचा खलाशी आहे. बोट बंदरात असली की तो मला त्याच्या बहिणीकडे, लुर्देसबाईंकडे, जेवायला ओढून नेतो. मासळी-भात असतो, फक्त तिखटाच्या नावानं बोंब.

या बाई उन्हाळ्याच्या सुट्टीत दर शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये त्यांच्या लोकांच्या मुलांची शाळा भरवतात. पोरं इथंच जन्मलेली. आया आपल्या भाषेत ओरडतात, पोरं डचमध्ये उलट बोलतात. म्हणून भाषा शिकवायची, गाणी शिकवायची, आपटणाऱ्या दोन बांबूंमधून पाय न चेंगरता नाचायला शिकवायचं. आणि सगळ्यात आधी नमस्कार. त्यांच्यात पाया पडत नाहीत, मोठ्यांचा हात धरून आपल्या कपाळाला लावतात. मी गेलो होतो टेबलं मांडायला, तर पोरांनी रांगेनं माझाही हात कपाळाला लावला. मी चोवीस वर्षांचा! नेस्टर म्हणाला, आजोबा, आता आशीर्वाद द्या.

परवाच्या शनिवारी बाईंनी विणकाम काढलं. पुस्तकात बघून परडी विणायची. बागकामाच्या दुकानातून आणलेला बांबू, त्याच्या कामट्या या अशा जाड आणि खडखडीत वाळलेल्या. एका मुलीच्या बोटात कूस गेली, ती रडायला लागली. मी आपला खुर्च्या पुसत राहिलो. पुसलेल्याच परत पुसल्या. कारण नेस्टरला मी सांगितलंय की माझे वडील बँकेत आहेत. हो ताई, बँकेत.

शेवटी बघवेना. स्वयंपाकघरातून सुरी आणली, कामट्या टबात भिजवल्या, सोलून पातळ केल्या आणि खाली मांडी घातली. इतक्या वर्षांत बांबूला हात लावला नव्हता, पण बोटांना सगळं ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत सतरा पोरांच्या सतरा परड्या वर आल्या. बाईंनी विचारलं, कुणाकडून शिकलास? माझ्या तोंडून गेलं, बोटीवरच्या एका म्हाताऱ्या खलाशाकडून. नेस्टर माझ्याकडे बघतच राहिला. आमच्या बोटीवर म्हातारं कुणी नाही. पण त्यानं मला खोटं पाडलं नाही, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

निघताना ती मघाची रडणारी मुलगी आली. माझा हात धरून कपाळाकडे नेला, आणि मी तो झटक्यात मागे ओढला. ती बिचकून आईच्या मागे गेली.

तुला कळलं असेल मला काय आठवलं ते. दिवाळीत मी आलो, तेव्हा गुंजन आप्पांजवळ बसून परडी विणत होती. मामासाठी, बोटीवर न्यायला. गल्लीतली माणसं बघत होती, आणि मला नुसती आग लागली. मी तिच्या हातावर चापट मारली, परडी पायाखाली घेतली. ओरडलो, तूही रस्त्यावर सुपं विकत बसणार का? नऊ वर्षांची पोर. आप्पा खाली वाकून कामट्या गोळा करत राहिले. तेव्हापासून मी फोन केला की ती शाळेत असते, नाहीतर झोपलेली असते. दुपारी बारालासुद्धा. तू तिची बाजू सांभाळून घेतेस, त्याचा मला राग नाही.

आता पत्र कशासाठी ते लिहितो. सव्वीस तारखेला, शनिवारी, त्या शाळेचा शेवटचा दिवस. आईबापांसमोर परड्या मांडायच्यात, आणि सतराच्या सतरा काठाला उघड्या आहेत. काठ बांधायला शिकवायची वेळ आली की मी कृष्णेवर पळालेला असायचो, त्यामुळे बोटं तिथवर येऊन थांबतात. गुंजनला काठ येतो. दिवाळीतली तिची परडी काठासकट पुरी होती, पाय ठेवताना मला दिसलं होतं. वीस तारखेला, रविवारी, तुमच्या दुपारी चारला मी तुझ्या मोबाइलवर फोन करीन. इकडे परडी मांडीवर घेऊन बसेन, ती सांगेल तसं करीन. तिला बळजबरीनं फोनवर आणू नकोस. ती नाही आली तर परड्या तशाच उघड्या मांडू. पण कुणी शिकवलं म्हणून विचारलं तर या वेळी आप्पांचं नाव सांगेन, नेस्टरच्या समोर. आणि आलीच, तर आधी तिची माफी मागेन, मग काठाचं विचारेन. माझ्याकडून उलटं झालं तर तूच फोन बंद कर.

तुझाच
वासू