माझ्या नावावरची जीप

मी, धापूबाई घेवरचंद बोरा, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार पेठ, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे, माझ्या घरच्या खुर्चीत बसून, चहा घेऊन, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र सांगत आहे आणि वकीलसाहेब लिहून घेत आहेत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मुलाचा होता, तो मी मानला नाही. यापूर्वी मी असा कोणताही लेख केलेला नाही.

१. मला दोन वारस आहेत: मुलगा विपुल, राहणार पुणे, आणि मुलगी टीना, सासर नाशिक. दोघेही गुणी आहेत. एकमेकांना तसे वाटत नाही. या लेखाची अंमलबजावणी टीनाने करावी.

२. पेठचे राहते घर व खालचे किराणा दुकान दोघांना निम्मे-निम्मे. दुकान भाड्याने देण्यास हरकत नाही, मात्र समोरच्या गेणभाऊला देऊ नये.

३. बँकेतील ठेवी आणि माझे दागिने टीनाला. विपुलने वाईट वाटून घेऊ नये. त्याला मी हयातीत पुष्कळ दिले आहे आणि त्याने ते त्याच्या परदेशी गाडीत घातले आहे.

४. आता जीप. ती आमच्या यजमानांनी नवी घेऊन माझ्या नावावर केली, त्यामुळे तिचा निकाल लावण्याचा अधिकार माझा आहे. गाडी आपल्या देशात बनलेली असावी, एवढी एकच अट त्यांनी घातली होती. ती चालावी, ही अट घालायला ते विसरले.

ती माझ्या माहेरी ओतूरला जाताना बंद पडे आणि येतानाही. बोरी बुद्रुकला लग्नाच्या वाटेवर पडली. पारगावला साखर कारखान्यासमोर, उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत अशी पडली की मागच्यांनी आम्हाला ढकलत थेट वजनकाट्यापर्यंत नेले. यजमानांनी गाडीला कधी दोष दिला नाही. डिझेलमध्ये भेसळ होती, चढ जास्त होता, ऊन होते, मी माहेरहून लोणच्याची बरणी आणली होती.

गेणभाऊ एकदा भर चौकात म्हणाला, "शेठ, वहिनीला किती येळा खाली उतरवता राव? म्होरं बैलजोडी बांधा. बैल बी देशीच हाय." यजमान पुढे हे विसरले. मी विसरले नाही. संवत्सरीला मी साऱ्या जगाची क्षमा मागते. गेणभाऊपुढे हात जोडते तेव्हा नुसते ओठ हलवते.

मग विपुलने परदेशी कंपनीची गाडी घेतली आणि पेढे घेऊन दाखवायला आला. यजमानांनी पेढा घेतला, गाडीकडे पाहिले नाही.

"पप्पा, ही कधी बंद पडत नाही."

"आमची जीप घरचं माणूस आहे."

"मग मी कोण आहे?"

"तिच्यावर केला तेवढा खर्च तुझ्यावर केला नाही," हे म्हणाले.

त्या दिवसापासून बापलेक माझ्यामार्फत बोलू लागले. समोरासमोर बसून.

पुढच्या दिवाळीत पाडव्याच्या सकाळी यजमान ओट्यावर घामाघूम होऊन बसले. हात छातीवर. बोट जीपकडे. विपुलने किल्ली फिरवली, जीप नुसती खोकली. त्याने स्वतःची गाडी दारात लावली.

"मी हिच्यात बसणार नाही." चेहरा पांढरा पडला होता, हट्ट जागेवर होता.

मी ओट्यावरच खाली बसले आणि छाती धरली. "अहो, मला काहीतरी होतंय."

ते ताडकन उठले. "विपुल, बघतोस काय? आईला गाडीत घाल." आणि मला एकटीला सोडवेना म्हणून स्वतःही शेजारी बसले. मंचरपर्यंत माझा हात सोडला नाही. घाटात विचारले, "हिचा आवाज का येत नाही? बंद पडली का रे?"

"नाही पप्पा, चालू आहे," विपुल म्हणाला.

दवाखान्यात मी डॉक्टरांना त्यांच्याकडे बोट दाखवले. अजून उशीर झाला असता तर हाती काही राहिले नसते, असे डॉक्टर म्हणाले. ते वाचले आणि पुढे बरीच वर्षे जगले. परत येताना मात्र त्यांनी भागू मिस्त्रीला जीप दुरुस्त करून मंचरला आणायला लावली. त्या दिवशी ती कुठेही न थांबता पेठला पोचली. यांनी गावभर सांगितले, "परदेशी गाडीनं दवाखान्यात घातलं, आपल्या गाडीनं घरी आणलं."

माझ्या छातीला काही झाले नव्हते, हे त्यांना कळले होते. एकदाच म्हणाले, "तू फार वाईट बाई आहेस," आणि स्वतःच्या ताटातला लाडू माझ्या ताटात ठेवला.

५. पान्यांची पेटी, जॅक व दोरखंड भागू मिस्त्रीला. तो म्हणाला, "आई, जीपबी मलाच द्या की, लई जपीन." मी नाही म्हटले. ज्याला दुरुस्ती येते त्याला ही गाडी देऊन उपयोग नाही.

६. म्हणून जीप विपुलला. तो ती भंगारात काढा म्हणतो. काढायची नाही. पासिंग मी करून ठेवले आहे.

विपुल, वर्षातून एकदा ती स्वतः चालवत ओतूरला जा. फोन घरी ठेव. ती बंद पडेल. पडली की खाली उतर आणि रस्त्याच्या कडेला उभा राहा. कोणीतरी थांबेल. जुन्नर-आंबेगावात तुझे वडील ज्यांना नावाने हाक मारत, ती सारी माणसे त्यांना अशीच भेटली. तू याच रस्त्याने इतकी वर्षे न थांबता जातोस, तुला कोण ओळखते? हे रागाने सांगत नाही. तुझ्या गाडीने माझा नवरा मला परत दिला. तिचे उपकार मी मानते. यांच्यासमोर मानता येत नव्हते.

७. साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये, असा वकीलसाहेबांचा सल्ला आहे. म्हणून गेणभाऊला साक्षीदार केले आहे.

वरील मजकूर मला व साक्षीदारांना वाचून दाखवला. तो बरोबर आहे. सही करण्यापूर्वी गेणभाऊ म्हणाले, "वहिनी, समदं खरं हाय. पर दर टायमाला धक्का माराया पयला कोण यायचा, ते ऱ्हायलं लिवायचं."

तो गेणभाऊ असे, हे येथे नमूद करते. बाकी मजकुरात बदल नाही.

स्थळ: पेठ
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२४

सही: धापूबाई घेवरचंद बोरा

साक्षीदार:
१. गेणभाऊ रखमाजी एरंडे, पेठ (सही)
२. डॉ. प्रतिभा सुभाष टेमकर, मंचर (सही)