चिरंजिवांच्या अदबीनं घालवलेला सामना

आदरणीय व्याहीबुवा,

सप्रेम नमस्कार. तुमच्या गुडघ्याची आणि विहीणबाईंच्या रक्तदाबाची विचारपूस आधीच उरकून घेतो, कारण पुढे तुमच्या चिरंजिवांची करायची आहे आणि तिथे माझी भाषा घसरण्याचा संभव आहे. आमच्याकडे सर्व कुशल. (माझ्या बरगड्या या 'सर्व'मध्ये धरू नयेत.)

तुम्ही मुलाला वळण फार चांगलं लावलंत. याबद्दल मी तुम्हाला कधीही माफ करणार नाही. आमच्या बाजारपेठेतल्या दुकानदारांच्या बास्केटबॉल संघात त्याला मीच घेतला. उंच आहे, दमत नाही, शिवाय फिजिओथेरपिस्ट, म्हणजे कुणाचा पाय मुरगळला तर दुरुस्ती जागच्या जागी. त्याचं काम एवढंच, की चेंडू माझ्याकडे असताना माझ्यामागे लागलेल्या माणसाच्या वाटेत खांबासारखं उभं राहायचं. मी खांबाला घासून निघून जातो, तो माणूस खांबावर आदळतो, मी मोकळा. याला स्क्रीन म्हणतात. तुमचे चिरंजीव उभे झकास राहतात. पण मी खांद्याला खांदा लावून निघालो, की सासरे आले म्हणून अदबीनं बाजूला सरकतात. 'या, बाबा' असंही म्हणतात. मग त्याच मोकळ्या वाटेनं माझ्यामागोमाग तो माणूसही येतो. (पाहुण्यांबरोबर शेजारी आत यावा तसा.)

हेही एक वेळ चाललं असतं. पण स्क्रीन समोरचेही लावतात. उपांत्य सामना अग्निशमन दलाशी होता. त्यांच्यात एक कपाट आहे. आहे माणूसच, पण सगळा गाव त्याला कपाट म्हणतो. मी त्यांच्या चेंडूवाल्याला अडवत असताना हे कपाट माझ्या बगलेत येऊन उभं राहतं आणि ते मला दिसत नाही. (मी चष्मे विकतो, यावरचे विनोद सर्वांचे करून झालेले आहेत.) कपाटावर ज्याची नेमणूक असते त्यानं मागून ओरडायचं, आणि मी वळसा घालून येईपर्यंत पुढे होऊन चेंडूवाल्याला थोपवायचं. नेमणूक जावईबापूंची होती. ते म्हणाले, "बाबा, तुमच्या डाव्या हाताला स्क्रीन येतोय, तेवढं जरा सांभाळून घ्याल का?" व्याहीबुवा, या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. ते 'सांभाळून'पर्यंत पोचलं तेव्हा मी जमिनीवर होतो.

मध्यंतरात जावईबापू माझ्या बरगड्या चाचपत बसले होते. मी म्हटलं, "अरे, नुसतं 'डावीकडे' म्हण. अहो-जाहो मैदानाबाहेर ठेव."

"तोंडातून येत नाही हो, बाबा."

उत्तरार्धात शेवटी लेकच प्रेक्षकांतून ओरडायला लागली, "बाबा, उजवीकडे," "बाबा, डावीकडे," आणि आम्ही चक्क पुढे गेलो. मग ओरडण्याच्या भरात ती रेषेच्या आत आली आणि पंचांनी तिला गप्प बसवलं. (तिला गप्प बसवता येतं हे मला त्या दिवशी कळलं.)

सामना संपत आला होता, आम्ही एका गुणानं पुढे होतो आणि चेंडू त्यांच्याकडे होता. कपाट हललं. आणि सगळ्या पेठेसमोर तुमच्या सुसंस्कृत चिरंजिवांच्या तोंडून निघालं, "ए म्हाताऱ्या, डावीकडे!"

मी थांबलो. हे कोण बोललं, ते वळून बघितलं. जावईबापू स्वतःच्या तोंडावर हात ठेवून उभे होते, म्हणजे थोपवायलाही कोणी नाही. चेंडूवाला आमच्या दोघांच्या मधून निवांत गेला आणि बाजारातून आणलेली पिशवी टेबलावर ठेवावी तसा चेंडू जाळीत ठेवून आला.

तेव्हा हा सामना तुमच्या संस्कारांनी घालवला, असं माझं स्पष्ट मत आहे. लहानपणी पोराला थोडं उद्धट होऊ दिलं असतंत, तर आज आम्ही अंतिम फेरीत असतो.

कळावे,
आपला, कुशीवर झोपता न येणारा
व्याही

ता. क. : त्या दिवसापासून जावई आमच्याकडे फिरकलेले नाहीत. लेक एकटीच येते. म्हणते, त्याला तोंड दाखवायची लाज वाटते, संघही सोडायचं म्हणतोय. येत्या रविवारी तिसऱ्या क्रमांकासाठी सामना आहे आणि त्याच्याशिवाय मला मैदानात मजा येत नाही. तुमचं तो ऐकतो. एवढं त्याला सांगाच.

आणखी एक : सौ.नं पत्र वाचून एवढंच विचारलं, की कपाट डावीकडे होतं की नव्हतं? होतं. तर शब्द तोच राहू दे म्हणावं. फक्त अंमळ आधी ओरड.