त्रेचाळीस भेगा आणि एक बोका

ती. आत्यास,

वाकून नमस्कार. (इथे सध्या सगळेच नमस्कार वाकून होतात, कारण या थंडीत पाठ सरळ करायला कुणी तयार नसतं.) तुझ्या गुडघ्यांचं कसं आहे? मी पाठवलेलं तेल लावतेस, की बाटली छान आहे म्हणून कपाटात जपून ठेवली आहेस? आईचा खोकला थांबला असेल. बाबांनी डॉक्टरांचं ऐकून चहातली साखर सोडली आणि आता तोंडही वाकडं करत नाहीत, असं तू लिहिलंस. वाचून आनंद झाला. आश्चर्यही वाटलं, पण आनंद जास्त.

हे पत्र तू नेहमीप्रमाणे जेवणं झाल्यावर सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवशील आणि बाबा कोपऱ्यात, आपलं इकडे लक्षच नाही अशा चेहऱ्यानं, गवंडीकामाची थापी पुसत बसतील, हे मला इथून दिसतं आहे. म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. तुझा चष्मा सापडला नाही तरी अडू नये.

आधी पैजेचं सांगते, कारण साक्षीदार तूच होतीस. ग्रंथपालासाठी म्हणून बांधलेलं हे घर ग्रंथालयाच्या मागेच आहे. माझ्याआधीच्या तीन ग्रंथपालांनी ते बाहेरून पाहिलं आणि दुसरीकडे बिऱ्हाड केलं. मी आतून पाहिलं आणि राहायचं ठरवलं. बाबा मला पोचवायला आले होते, तेव्हा त्यांनी सामान खाली ठेवायच्याही आधी बोटाच्या पेरानं भिंत वाजवली, कान लावला आणि म्हणाले, "म्हातारी खोकतेय." बस्स, एवढंच. बाकीचं सगळं ते, उरलेलं सामान न्यायला आम्ही दोघं घरी आलो तेव्हा बोलले, तुझ्यासमोर. "जन्मभर मी लोकांची पडकी घरं उभी केली. ती काय माझ्या पोरीनं पडक्या घरात राहावं म्हणून?" त्यावर मी जरा लांबलचक बोलले हे मला मान्य आहे. पण ज्या बाईचा पुस्तकातून काहीही शिकता येतं यावर विश्वास नाही, तिनं ग्रंथालयात कुठल्या तोंडानं बसायचं, हा माझा प्रश्न आजही चुकीचा वाटत नाही. मग शर्त ठरली. थंडी सरेपर्यंत मी त्या घरात राहून दाखवायचं. "गवंडी बोलावलास तर सामान बांधायचं आणि गपचूप परत यायचं," असं बाबा म्हणाले. राहिले, तर परत यायचा विषय त्यांनी पुन्हा काढायचा नाही. आता थंडीचे तीनच आठवडे उरले आहेत आणि मी अजून इथेच आहे, हे जरा सावकाश आणि ठासून वाच.

कामाची सुरुवात मी शास्त्रशुद्ध केली. ग्रंथालयात 'जुन्या घराची निगा' नावाचं एक जाड पुस्तक आहे. गेल्या बावीस वर्षांत ते कुणीही नेलेलं नव्हतं, ते मी माझ्याच नावावर चढवलं. (मुदत संपली की मीच मला आठवण करते आणि मीच मला मुदत वाढवून देते.) त्यात लिहिलं होतं की वारा कुठून शिरतो ते मेणबत्ती धरून पाहावं. पाहिलं. पहिल्या खोलीत सात मेणबत्त्या विझल्या. आठवी मी पेटवलीच नाही, कारण आठव्या भेगेतून मला शिवणकाकूंचं अंगण सरळ दिसत होतं. (शिवणकाकू म्हणजे शेजारच्या, शिवणाचं मशीन चालवणाऱ्या. तुला मागच्या पत्रात लिहिलं होतं.) आतल्या-बाहेरच्या मिळून त्रेचाळीस भेगा निघाल्या. प्रत्येकीला मी खडूनं नंबर दिला आणि वहीत नोंद केली. नंबर दिल्यावर कुठलीही गोष्ट निम्मी ताब्यात येते, असं आम्हाला ग्रंथालयशास्त्रात शिकवलं होतं. भेगांना ते शिकवलेलं नसावं.

बुजवायला माझ्याकडे वर्तमानपत्रांची रद्दी होती, चाळीस वर्षांची. तिचा खळ घालून लगदा केला. लगदा करतानाही मला राहवेना, म्हणून गठ्ठे विषयवार लावले. उत्तरेकडून वारा जास्त येतो, म्हणून तिकडे अग्रलेख भरले, ते जड असतात. खिडक्यांभोवती क्रीडा. दाराच्या चौकटीला छोट्या जाहिराती. आठवडाभर राबून मी त्रेचाळीसच्या त्रेचाळीस भेगा बंद केल्या आणि वहीत खाली दोन रेघा मारल्या. घर इतकं गप्प झालं की मला माझं घड्याळ पहिल्यांदाच ऐकू आलं. त्या दिवशी मी तुला जे पत्र लिहिलं, त्यातला उत्साह तू आता माफ कर.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. मी शेगडी पेटवली आणि पुस्तक घेऊन गोधडीत शिरले. आता धूर धुराड्यातून वर जायला हवा, एवढं मलाही कळतं. पण धुराला वर जायचं तर खालून थोडी ताजी हवा आत यायला लागते आणि ती यायच्या सगळ्या वाटा मी नंबर देऊन बंद केलेल्या होत्या. ही माहिती पुस्तकात होती, पण पुढच्या प्रकरणात. धूर आधी छताला टेकला, मग हळूहळू बसायला उतरला, पाहुण्यासारखा. मी दाराकडे धावले, तर दार उघडेना. दमट हवेनं छोट्या जाहिराती फुगल्या होत्या. शेवटी मी खिडकीतून बाहेर पडले, गोधडीसकट, आणि पडले ती ग्रंथालय समितीच्या अध्यक्षांच्या पुढ्यात. ते नेमके नव्या ग्रंथपालबाई कशा स्थिरावल्या हे पाहायला आले होते. मी नमस्कार केला. त्यांनीही केला. माझ्या तोंडावरची काजळी पाहून त्यांना मी नक्की कोण हे कळलं नसावं, कारण त्यांनी मलाच विचारलं, "बाई आहेत का घरात?" मी म्हटलं, आत्ताच बाहेर पडल्या. ते 'बरं' म्हणून निघून गेले. शिवणकाकू अंगणातून हे सगळं पाहत होत्या. त्यांना हसू आवरेना, सुई दातात होती म्हणून थोडक्यात निभावलं.

त्या दिवशी मात्र मी पायरीवर बसून रडले, हे खोटं कशाला सांगू. सामान बांधावं असंही मनात आलं. ट्रंक खाटेखालून ओढलीसुद्धा. मग काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, रविवारी आमचं काय होणार मग? रविवारचं तुला सांगितलं नाही बहुतेक. ग्रंथालयाची पायरी चढायला ज्या बायका बिचकतात, त्या माझ्या पुढच्या खोलीत यायला बिचकत नाहीत. "पुस्तकं बघायला चाललेय" म्हणायला लाज वाटते, "बाईंकडे चाललेय" म्हणायला वाटत नाही. काकू पहिल्या आल्या, आता सहाजणी येतात. एकीनं गेल्या रविवारी आयुष्यात पहिल्यांदा अख्खं पान वाचलं, मग ते उलटलं आणि मागे आणखी लिहिलेलं आहे हे पाहून वैतागली. मी ट्रंक परत खाटेखाली ढकलली.

त्यानंतर मात्र घराला माझी दया आली असावी. गुरुवारी मी पुस्तकांची पेटी घेऊन पलीकडच्या शाखेत जाते, ती पार संध्याकाळी परत येते. त्या गुरुवारी परत येऊन भीत भीत शेगडी पेटवली, तर धूर शहाण्या मुलासारखा वर गेला. धुराडं तापायला लागलं की आपोआप ओढू लागतं, असं पुस्तकात आहेच. शिवाय जमिनीलगतची एकतीस नंबरची भेग मोकळी झाली होती आणि तिथून बेताची हवा आत येत होती. उंदरांचं काम असणार. इथले उंदीर फार नीटनेटके आहेत. भोक चौकोनी पाडतात आणि बाहेरून बारीक जाळीही बसवतात.

पुढच्या गुरुवारी मागच्या अंगाची चार कौलं सरळ झाली. मी काकूंना विचारलं, कौलांवर कुणी आलं होतं का. त्या म्हणाल्या, बोका होता. केवढा? तर म्हणाल्या, चांगला मोठा, आणि मिशाही पांढऱ्या झाल्यात. दर गुरुवारी येतो म्हणे, सकाळच्या बसच्या वेळेला, आणि चारच्या बसच्या सुमाराला जातो. बिचारा थंडीत दिवसभर उपाशी राहत असेल, म्हणून आता मी गुरुवारी निघताना मागच्या पायरीवर चहाचा थर्मास ठेवते. परत येते तेव्हा तो रिकामा असतो आणि विसळून पालथा घातलेला असतो.

तू लिहितेस की बाबा हल्ली सुट्टीच्या दिवशी, म्हणजे गुरुवारीच, पहाटे पिशवी घेऊन कुठल्याशा लांबच्या कामावर जातात. त्यांना माझा निरोप सांग की या वयात सुट्टीच्या दिवशी विश्रांती घ्यावी. आणि कामावर गेलेच, तर कानटोपी घालावी. उंचावर वारा फार लागतो.

माझं म्हणशील तर मी खरंच मजेत आहे. सकाळी खिडकीतून तिरपं ऊन येतं, ते माझ्या टेबलावर बरोबर दीड तास थांबतं. त्यातच बसून हे लिहिते आहे. खिडकीच्या काचा मी स्वतः बसवल्या, जमिनीचे खड्डे स्वतः भरले. मागच्या भिंतीचा गिलावा तीनदा पडला आणि चौथ्यांदा टिकला. हातांना भेगा पडल्या आहेत, त्यांना अजून नंबर दिलेले नाहीत. घर थोडं खोकतं अजून, पण आता ते माझ्याशी बोलल्यासारखं वाटतं.

आईला नमस्कार, आणि ऊन कमी होत चाललं म्हणून इथेच थांबते.

तुझी भाची
(गवंड्याविना सुखरूप)

ता. क. १ : आत्या, आता हा कागद उलट आणि इथून पुढचं मोठ्यानं वाचू नकोस. चष्मा पुसायचं निमित्त कर आणि मनात वाच.

बाबांच्या डाव्या अंगठ्यावर छिन्नी लागल्याची आडवी खूण आहे ना? सांधा भरून झाला की ते शेवटी तो अंगठ्यानं दाबतात, सवयच आहे. मी लहानपणी त्यांचा डबा घेऊन जायची तेव्हा पूर्ण झालेल्या भिंतींवर ती खूण शोधत बसायची. वर कौलांवर, धुराड्याच्या बुडाशी तशा नऊ खुणा आहेत. पहिली दिसली तेव्हा मी शिडीवरच बसले.

मी पैज हरले का, याचा मी खूप विचार केला. मला वाटतं, नाही. शर्त "गवंडी बोलावलास तर" अशी होती. मी कुणाला बोलावलेलं नाही. बोका आपल्या मर्जीनं येतो. (थर्मास ठेवणं म्हणजे बोलावणं होत नाही, हे मी काकूंनाही विचारून घेतलं आहे.) बाबांना अक्षरं वाचता येत नसली तरी आकडे येतात, म्हणून बाहेरच्या भेगांचे नंबर मी हल्ली जरा ठळक गिरवते, एवढंच. झालेल्या कामावर ते खडूनं बरोबरची खूण करून जातात.

आणि तो मी चौथ्यांदा केलेला गिलावा, नऊ नंबरचा, त्याला त्यांनी हात लावलेला नाही. पेरानं वाजवून मात्र पाहिला असणार, कारण तिथेही बरोबरची खूण आहे. आत्या, माझा पदवीचा निकाल लागला तेव्हा ते फक्त 'बरं' म्हणाले होते. ती खूण पुसली जाऊ नये म्हणून मी वर पत्र्याचा तुकडा ठोकला आहे.

ता. क. २ : (हेही मनात.) आता खरं काम. सतरा नंबर. पुढच्या खोलीची आतली भिंत पोटाशी फुगली आहे, बोटानं वाजवली की पोकळ बोलते. पुस्तक तिसऱ्यांदा वाचलं, त्यात शेवटी 'जाणकारास दाखवावे' एवढंच आहे. रविवारी त्याच भिंतीला टेकून त्या सहाजणी बसतात. गेल्या रविवारी मी त्यांना दुसरीकडे बसवलं आणि कारण सांगितलं नाही. पैज गेली तर गेली, पण ती भिंत पडायला नको. गवंड्याला बोलावलं तर मला इथून जावं लागेल, आणि बाहेरून येणाऱ्या बोक्याला आतली भिंत दिसत नाही. मला दोन्ही हवं आहे, बाबाही आणि हे घरही. हे एवढं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

म्हणून पुढच्या चार ओळी बाबांचे हात कामात असतील तेव्हा वाच. वाचताना त्यांच्याकडे बघू नकोस. बघितलंस तर येणार नाहीत. आणि वाचून झालं की लगेच दुसरं काहीतरी बोल.

ता. क. ३ : (हे पुन्हा मोठ्यानं.) या गुरुवारी मी शाखेत जाणार नाही, घरीच आहे. बोक्याचा चहा बाहेर ठेवणार नाही, गारठ्यात लगेच निवतो. आत ठेवीन, पुढच्या खोलीत, सतरा नंबरच्या भिंतीजवळ. दार नुसतं लोटलेलं असेल. साखर नेहमीसारखी दोन चमचे. आत्याला कळणार नाही.