काकांचा बाजारभाव

२ मार्च, सकाळी ८.४०
नवी वही. लागतील तेवढ्या ओळी, फक्त खऱ्या. ही वही कोणी वाचणार नाही, तेव्हा खोटं लिहायचं कारणच नाही.
फुटबॉल क्लबमध्ये माझं पद नियमपालन अधिकारी. टेबल बूट ठेवायच्या खोलीच्या दाराशी. खिडकी नाही. वासाची सवय झाली आहे. काम एकच : लीगचा खर्चाचा नियम सांभाळायचा. उत्पन्नाच्या शंभरातले सत्तरच रुपये पगार आणि देखभालीवर खर्च करता येतात. वर गेलं की गुण कापतात. आम्ही अडुसष्टवर. शेवटचे दोन संघ खालच्या लीगमध्ये जातात, आम्ही शेवटून तिसरे, दोन गुणांनी वर. सुरक्षित.
संकल्प : विवरणपत्रात एकही रकाना कोरा ठेवायचा नाही.

५ मार्च
कोच टेबलाशी आले, बसले नाहीत. चेअरमन स्वतःच्या खिशातून स्ट्रायकर आणायला तयार आहेत, मग अडतंय कुठे, असं विचारलं. मी सांगितलं, खिसा हे उत्पन्न नाही. मग पलीकडच्या मोठ्या क्लबचं काय, म्हणाले. त्यांच्या मालकाची रंगांची कंपनी खुर्च्यांवर नाव लिहायचे पैसे देते, ते बरे उत्पन्नात धरता! मी शांतपणे म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा आहे, सत्तर टक्के. त्यावर म्हणाले, अगं बाई, त्यांचे सत्तर टक्के म्हणजे तलाव आणि आपले म्हणजे बादली. मी म्हटलं, टक्केवारीत पाणी येत नाही.
ते मागे न बघता निघून गेले. पटलं असावं.

९ मार्च
रकाना १४-ब. ‘विनामोबदला मिळालेल्या सेवा, असल्यास, बाजारभावाने.’ मागची सहा विवरणपत्रं काढून पाहिली. प्रत्येकात आडवी रेघ. रेघ खोटी आहे.
कारण सेवा आहेत. मोठे काका या मैदानाचे माळी. सात वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून फुकट यायला लागले. आई जर्सीवर नंबर शिवते, तेही फुकट. आठ नंबर यंदा दोनदा शिवला, कारण आठ नंबरचं पोट सुटलं आहे.
लहानपणी दम्यामुळे मी दहा वर्षांची होईपर्यंत घरीच शिकले. अक्षरं आईकडे, गणित काकांकडे, मैदानावर चुन्याच्या रेघा मारता मारता. पेनल्टीच्या ठिपक्यापासून गोलपर्यंत अकरा मीटर, हे माझं पहिलं मोजमाप. बोटभर चुकलं तरी काका पुसून पुन्हा आखायला लावत. अशा माणसाच्या जागी मी रेघ मारू?

१० मार्च
बागकाम कंपनीला फोन केला, माळ्याचा दर विचारला. अनुभव किती, म्हणाले. अठ्ठेचाळीस वर्षं. असा माणूस आमच्याकडे नाही हो, म्हणाले. मग मी सगळ्यात वरचा दर लावला. रविवारचा ओव्हरटाइमही धरला. आईच्या टाक्यांनाही शिंप्याचा दर लावला. घरच्या माणसाला कमी लावणं बरं दिसत नाही.

११ मार्च, दुपारी ३
१४-ब खर्चात धरून बेरीज : सत्तर पूर्णांक तीन टक्के.
तीनदा केली. तेवढीच येते.
विचार केला. समितीत शेवटी माणसंच असतात. इतका प्रामाणिक क्लब पाहून त्यांना भरून येईल. कदाचित पत्रही पाठवतील. लावायला भिंतीवर जागा पाहून ठेवली.
चेअरमन जिथे पिवळी चिठ्ठी लावू तिथे सही करतात. लावली. सगळं ठीक आहे ना, म्हणाले. मी म्हटलं, सगळं खरं आहे. प्रश्न वेगळा होता, पण उत्तर चूक नव्हतं.

२४ मार्च
नोटीस आली. सुनावणी. भाषण लिहायला घेतलं. सध्या अकरा पानं.

२ एप्रिल
सुनावणी. आमच्या आधी मोठा क्लब. दहा मिनिटांत हसत बाहेर आले. त्यांच्या कागदावर १४-ब मध्ये रेघ होती, मी जाता जाता पाहिली.
समितीत तिघे. मधल्या बाईंनी विचारलं, हा रकाना का भरला? मी म्हटलं, होता म्हणून. त्या म्हणाल्या, मुली, पगार लपवणाऱ्यांना पकडायला ठेवलाय तो. काकाने कापलेलं गवत कोण मोजतं? मी विचारलं, मग खोडू का? सही झाली आहे, म्हणाल्या. तुम्हाला सोडलं तर उद्या खुर्च्यांवर नावं लिहिणारे सवलतीला रांग लावतील.
भाषण दुसऱ्या पानापर्यंत झालं. एकाने चष्मा काढून डोळे चोळले. हेलावले असावेत.

३ एप्रिल
तीन गुण कापले. आता शेवटून दुसरे.
गोलकीपर बूट घ्यायला आला आणि म्हणाला, ताई, मी अख्ख्या सीझनमध्ये जेवढे गुण वाचवले तेवढे तू एका रकान्यात घालवलेस. तपासलं. त्याने चार वाचवले आहेत.
सहा सामने बाकी. गणिताने शक्य आहे.

६ एप्रिल
निकालाची प्रत फलकावर लावली. नियम आहे. सोबत १४-ब च्या तपशिलाचं पान.
काका चुन्याची बादली घेऊन वाचत उभे. हे वर्षाचं का, म्हणाले. मी सांगितलं, महिन्याचं. बादली खाली ठेवली. पुन्हा वाचलं. एवढा होतो होय मी, म्हणाले. मला वाटलं मी नुसताच येतो.
मला वाटतं, त्यांना आनंद झाला.

७ एप्रिल
काका आले नाहीत. पाठ धरली असेल.

२० एप्रिल
पाठ बरी आहे, आईने सांगितलं. घरी बसून रेडिओ ऐकतात. आईने शिवणाची पेटी आत ठेवून दिली आहे. आता मला शिवायची भीती वाटते, म्हणाली. टाका टाकला की तू रक्कम टाकशील.
मैदानावर कोचनी रेघा मारल्या. पेनल्टीचा ठिपका दहा मीटर सत्तरवर. मी कळवलं नाही. वहीत लिहिते आहे, म्हणजे लपवलं असं होत नाही.

१७ मे
शेवटचा सामना बरोबरीत. एका गुणाने खाली गेलो.
बूट मोजून ठेवले. बावीस जोड.

१९ मे
चेअरमननी बोलावलं. बस, म्हणाले. खालच्या लीगमध्ये खर्चाचा नियमच नाही, म्हणाले. मग नियमपालन कसलं? महिनाअखेर टेबल रिकामं करायचं.
मी विचारलं, १४-ब पण नाही? नाही.
म्हणजे काकांना यायला काहीच हरकत नाही! तडक त्यांच्या घरी गेले. सगळं समजावून सांगितलं. रकानाच राहिला नाही, आता या, कोणी मोजणार नाही. त्यांनी रेडिओ बारीक केला.
म्हणाले, तू मोजशील.

३१ मे
टेबल रिकामं केलं. जाताना मैदानावरून गेले. गवत नऊ सेंटीमीटर.
सहज पाहिलं. पट्टी पर्समध्येच होती.