चौकातली वैमानिक

८ जानेवारी

आज बाबांनी मला चौकात टांगलं!

म्हणजे माझा फ्लेक्स. दोन मजली उंच. हातात ड्रोन, नजर आकाशाकडे, आणि खाली ही मोठी अक्षरं — ‘तिने घेतली भरारी!’ बाबांचं कामच ते, होर्डिंगच्या सांगाड्यावर चढून फ्लेक्स ताणून बांधायचे. पुढारी झाले, नट्या झाल्या, सिमेंट झालं, आज पोरीची पाळी. खाली उतरून म्हणे समोरच्या सायकलवाल्याला सांगत होते, ‘ही आमची कॅप्टन!’

भरारी! कसली डोंबलाची भरारी? मी ड्रोन उडवलेलाच नाही. एकदासुद्धा नाही. फोटोच्या दिवशी त्या ड्रोनला पंखेही नव्हते. शाळेला ड्रोन देणाऱ्या कंपनीच्या मॅडमनी काढून ठेवायला लावले. ‘उगाच बोट कापलं तर?’ मग कम्प्युटरवर लावले. फोटोतच.

आणि आमचे कॅप्टनचे बाबा खूश. त्यांना सांगायचं कसं?

११ जानेवारी

शनिवार. म्हणजे ड्रोनचा तास. म्हणजे फळ्यावरचा ड्रोन.

ड्रोनवाले सर कंपनीकडून येतात, खडूने चार गोल काढतात. दोन पंखे असे फिरतात, दोन उलटे, म्हणून ड्रोन स्वतःभोवती गरगरत नाही. पाठ झालंय मला! झोपेतून उठवून विचारा. हे म्हणजे पाण्याचं चित्र दाखवून पोहायला शिकवणं झालं.

खरे ड्रोन मोठ्या बाईंच्या खोलीत, कपाटात. आठ आहेत. किल्ली बाईंच्या पर्समध्ये. कंपनीने दिले तेव्हा केवढं भाषण झालं होतं — ज्या मुलांच्या वाट्याला काही येत नाही त्यांच्यासाठी विज्ञानाची दारं उघडणार! दारं उघडली की नाही माहीत नाही. कपाटाचं दार मात्र पाहुणे आले की उघडतं. आम्ही रांगेत उभं राहायचं, एकेक ड्रोन छातीशी धरायचा, हसायचं. पाहुणे गेले की पुसून परत आत.

बटण आज सरांना म्हणाली, ‘सर, आम्ही हसण्यात पास आहोत, आता उडवायला द्या.’ बटण म्हणजे माझी मैत्रीण, वर्गात सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात तोंडाळ. सर हसले. मोठ्या बाई दारात होत्या, त्या हसल्या नाहीत.

१३ जानेवारी

तंत्रशाळेची सूचना लागली. ड्रोनचा दोन वर्षांचा कोर्स, फी पूर्ण माफ. आमच्यासारख्या शाळांतून मुलं घेणार. पण निवड उडवून दाखवल्यावर! एप्रिलमध्ये. वर न्यायचा, एका जागी स्थिर धरायचा, खुणेवर उतरवायचा.

हेच हवंय मला. दुसरं काही नकोय. बारावीनंतर आई म्हणते तशी दुकानात उभी राहणार नाही मी.

पण उडवून दाखवायचं कशाच्या जोरावर? खडूच्या?

१७ जानेवारी

पुठ्ठ्याचा रिमोट केला. बाटल्यांची दोन झाकणं खिळ्याने बसवली, अंगठ्याने फिरतात. डावं वरखाली, उजवं पुढेमागे. डोळे मिटून सराव करते. आई म्हणाली, ‘किती वेळ ते खेळणं घेऊन बसणारेस?’ बाबा तिला म्हणाले, ‘अगं, खरा उडवते ती. घरी हे नुसतं हात मोकळे ठेवायला.’

मी डोळे उघडलेच नाहीत, झाकणं फिरवत राहिले.

२५ जानेवारी

आज डोकं फिरलंय!!

अखेर सरांनी बाईंकडून कपाट उघडून घेतलं. का, तर पुढच्या महिन्यात कंपनीचे मोठे साहेब येणार आणि त्यांच्यासमोर ड्रोन उडायला हवा. उघडलं, तर आठातल्या सात बॅटऱ्या फुगलेल्या. उशीसारख्या टम्म! सर पाहतच राहिले. ‘बाई, या पूर्ण भरून महिनोन्‌महिने ठेवायच्या नसतात. वापरायच्या असतात. मी सांगितलं होतं.’

बाई म्हणतात, ‘पाहुणे कधी येतील सांगता येतं का? मी शिपायाला सांगून दर आठवड्याला भरून ठेवत होते. मुलांच्या हातात दिल्या असत्या तर काय राहिलं असतं?’

हो ना! आमच्या हातात खराब झाल्या असत्या. यांच्या कपाटात बघा कशा छान राहिल्या!

वाईट म्हणजे बाईंच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. त्यांनी आपल्या परीने जिवापाड जपलं. म्हणून तर आणखी संताप येतो. धड शिव्याही घालता येत नाहीत.

एक बॅटरी उरली. ती कार्यक्रमासाठी. हात लावायचा नाही.

१ फेब्रुवारी

कार्यक्रमात ड्रोन मी उडवणार असं ठरलंय. फ्लेक्सवर मी आहे ना!

मी सरांना म्हटलं, मग मला आधी उडवू द्या. निदान एकदा. सर खाली बघत म्हणाले, ‘एकच बॅटरी आहे. पाडलास तर संपलं. तू समोर रिमोट घेऊन उभी राहा. दुसरा रिमोट माझ्याकडे, मी मैदानातल्या पाण्याच्या टाकीमागून उडवतो. ड्रोन डावीकडे गेला की तू अंगठा डावीकडे ने. बस.’

माझ्या रिमोटमध्ये सेलसुद्धा नसणार!

म्हणजे घरी पुठ्ठ्याचा आणि शाळेत प्लास्टिकचा. प्रगती आहे.

मी नाही म्हणाले. सर म्हणाले, ‘समजून घे गं. माझं कामही यावरच आहे.’ सगळ्यांचं काही ना काही यावर आहे. माझं एप्रिलचं तेवढं कशावरच नाही.

६ फेब्रुवारी

बाबांनी कार्यक्रमासाठी कामाला सुट्टी टाकली. सदऱ्याला इस्त्री केली. स्वतः! आईलाही हात लावू दिला नाही.

८ फेब्रुवारी

आजचं लिहायला नको वाटतंय. पण लिहिणार.

मैदान भरलेलं. मोठे साहेब पहिल्या रांगेत. मी मधोमध, हातात मेलेला रिमोट. ड्रोन उठला. काय सुंदर उठला! वर गेला, डावीकडे वळला, मी अंगठा डावीकडे नेला. टाळ्या. उजवीकडे, पुन्हा अंगठा. पुन्हा टाळ्या. मागे बाबा दिसले. मान वर, तोंड उघडं, कधी ड्रोनकडे बघतात, कधी माझ्या हातांकडे.

मला नाही जमलं. मी वाकले, रिमोट जमिनीवर ठेवला आणि हाताची घडी घालून उभी राहिले.

ड्रोन उडतच राहिला. टाकीमागे सरांना काय कळणार? आणखी एक फेरी मारली. मैदान चिडीचूप. म्हटलं, चला, कळलं एकदाचं सगळ्यांना.

आणि मोठे साहेब उभे राहिले. ‘वा! हातसुद्धा न लावता!’

मग काय! अख्खं मैदान उठून टाळ्या. कंपनीच्या मॅडमनी माईक ओढला — ‘हीच आपल्या प्रशिक्षणाची कमाल!’ मी ओरडले, मी उडवत नाहीये, मी उडवत नाहीये! कोण ऐकतंय? माईक माझ्याकडे कुठे होता? साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. विनम्र आहे म्हणे मुलगी!

मोठ्या बाई टाळ्या वाजवत होत्या. त्यांना तर सगळं माहीत होतं.

बाबा वाजवत नव्हते.

८ फेब्रुवारी, जेवल्यावर

बाबांनी विचारलं, ‘तू खाली ठेवलास, तेव्हा कोण उडवत होतं?’

‘सर. टाकीमागून.’

‘आणि फोटोतला?’

‘त्याला पंखेच नव्हते, बाबा.’

बाबा उठले. ताट उचललं, धुतलं, आडवे झाले. ओरडा ना! एक थोबाडीत द्या! पाठ करून झोपलेल्या माणसाशी भांडायचं कसं?

१५ फेब्रुवारी

ड्रोनचा तास झाला नाही. कपाटाला नवं कुलूप. बटण म्हणाली, ‘आता कुलपाचाच फोटो काढा म्हणावं.’ मला हसू आलं नाही.

२० फेब्रुवारी

नवा फ्लेक्स छापलाय! हाताची घडी घातलेली मी, वर ड्रोन. ‘आता हातांचीही गरज नाही!’ माझा राग छापला यांनी. रंगीत.

आणि काम कोणाला? बाबांना! कंत्राटदाराचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. ‘हो हो, उद्या सकाळी. दुसऱ्या कुणाला पाठवू नका, मीच लावतो.’ मीच लावतो!! सगळं माहीत असून! काम सोडा असं नाही म्हणत मी, पण निदान दुसऱ्याला लावू द्यायचा होता. एकदा तरी ‘नाही’ म्हणायचं होतं.

पुठ्ठ्याचा रिमोट कचऱ्यात टाकला. आईने उचलून फळीवर ठेवला.

बाबांशी बोलणं बंद. कायमचं.

२१ फेब्रुवारी

शाळेत जाताना चौकात गर्दी. सगळे वर बघतायत. मी मान खालीच ठेवणार होते, पण बटणने कोपर मारलं.

सांगाड्यावर नुसतं पांढरं कापड. कोरं. फ्लेक्स उलटा बांधलेला, चारी बाजूंनी घट्ट, एक सुरकुती नाही. बाबा वर बसून शेवटची गाठ मारत होते. खालून कंत्राटदार बोंबलतोय, ‘अरे, उलटा लागलाय! उतर खाली, उद्यापासून येऊ नकोस!’ बाबांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी मला बघितलं आणि अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असे ओरडले —

‘कॅप्टन! तू उडव, मग सुलटा करतो!’