मधलं जंगल

३ मार्च, सोमवार, सकाळ
आजपासून रोजनिशी. दादाला जाऊन चार महिने झाले. ऑफिसातले म्हणतात, मन मोकळं करा. माणसांपाशी ते मला जमत नाही, म्हणून कागदापाशी.

वहिनींचा फोन आला होता. तेवीस तारखेला, रविवारी, दादाचा वाढदिवस. घरची मोजकी माणसं बोलवायची, त्याचा सगळ्यात आवडता सिनेमा हॉलमध्ये लावायचा, आधी कुणीतरी दोन शब्द बोलायचे. म्हणाल्या, भावोजी, तुम्ही याल ना?

याल ना म्हणजे काय? सिनेमा मीच निवडणार आणि बोलणारही मीच. दर रविवारी दुपारी दादाबरोबर व्हिएतनाम युद्धावरचे सिनेमे कोण बघायचं? मी. पुलाचा, बोगद्याचा, रेडिओचा. नावं आम्ही कधी घेतली नाहीत. दोन खुर्च्या, समोर टीव्ही. वहिनी आतल्या खोलीत झोपलेल्या, म्हणून आवाज बारीक. आम्ही एक शब्द बोलायचो नाही. फक्त शेवटचं हेलिकॉप्टर यायची वेळ झाली की दादा मला कोपराने ढोसायचा. तो शेवट त्याचा फार आवडता.

५ मार्च, बुधवार
सिनेमा ठरला. रेडिओचा. नदीकाठच्या छावणीतून एक तुकडी बिघडलेला रेडिओ पाठीवर घेऊन निघते आणि जंगलातून टेकडीवर पोचते. दादाचा हाच आवडता, याबद्दल वादच नाही.

निश्चय: (१) भाषण एक पानाचं, पाठ. (२) त्या मोहिमेचा रंगीत नकाशा, मोठ्या शीटवर. मी मोजणी खात्यात ड्राफ्ट्समन आहे. या बाबतीत तरी कुणी माझा हात धरू शकणार नाही.

वहिनींना कळवलं. म्हणाल्या, अगंबाई, चष्मेवालेसुद्धा हाच म्हणाले!

चष्मेवाला म्हणजे दादाच्या बिल्डिंगखाली ज्याचं चष्म्याचं दुकान आहे तो. त्याचा इथे संबंध काय? तर म्हणे गुरुवारी त्याचं दुकान बंद असतं आणि दर गुरुवारी तो वर येऊन दादाबरोबर सिनेमा बघायचा. हेच सिनेमे. माझ्याच खुर्चीत.

मला कुणाचा हेवा वाटत नाही. पण खुर्ची वापरताना माणसाने विचारावं.

९ मार्च, रविवार
वहिनींकडे गेलो. चष्मेवाला आधीच हजर. म्हणाला, या धाकटे, बसा. माझ्या भावाच्या घरात मला बसा म्हणतो! शिवाय धाकटे. मला बावन्नावं चालू आहे.

वर म्हणतो, काय बोलायचे हो दादा सिनेमा बघताना! आम्ही तर मधेच थांबवून तासन्‌तास गप्पा मारायचो.

माझ्याशी दादा बोलायचा नाही. उघड आहे, जिथे समज असते तिथे बोलावं लागत नाही. त्याच्याशी बोलावं लागत असणार. तरी पण थांबवून? माझ्यासाठी दादाने एकदाही सिनेमा थांबवला नाही.

सिनेमाची डिस्कही त्याच्याकडेच आहे. दादाने स्वतः दिली म्हणे. मी मागणार नाही. मला सगळं तोंडपाठ आहे.

१३ मार्च, गुरुवार
नकाशा. नदी झकास उतरली. छावणीतले तंबू, धक्का, पाण्याची टाकी, सगळं प्रमाणात. दुसऱ्या टोकाला टेकडी आणि हेलिकॉप्टर. पंखेसुद्धा मोजून काढले.

मधला भाग राहिला आहे. बराचसा. तिथे जंगल होतं एवढं नक्की. हिरवा रंग भरला.

साहेबांनी टेबलापाशी थांबून विचारलं, ही कुणाची जमीन? एवढ्या जागेत एकही वाट कशी नाही? म्हटलं, सर, युद्ध चालू आहे. ते पुढे गेले.

आज गुरुवार. चष्मेवाला काय करत असेल? मला काय त्याचं.

१६ मार्च, रविवार
पुतणीने चष्मेवाल्याकडून डिस्क घेऊन सिनेमा पेनड्राइव्हवर उतरवून आणला. म्हणाली, काका, जागा राहशील ना? हल्लीच्या पोरी मोठ्यांशी काहीही बोलतात.

दुपारी बघायला बसलो. रेडिओ पाठीवर चढवला, तुकडी निघाली, वर हेलिकॉप्टरची घरघर. आवाजाचा नीट अभ्यास व्हावा म्हणून जरा डोळे मिटले. उघडले तर शेवटचं हेलिकॉप्टर. सिनेमा मला वाटत होता त्यापेक्षा बराच लहान आहे.

संध्याकाळी परत लावला. पुन्हा तेच. निष्कर्ष: मधे विशेष काही घडत नाही. हिरवा रंग बरोबर आहे.

दादा गेल्यापासून रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. तशी झोप मला लहानपणापासूनच नाही म्हणा. पण आज डोकं एकदम हलकं. अभ्यासाचा परिणाम.

२२ मार्च, शनिवार
वहिनी म्हणतात, दोघेही बोला, पाच-पाच मिनिटं. मी म्हटलं, माझी काहीच हरकत नाही. मग जेवण गेलं नाही.

आज चष्मेवाल्याने दुकानाबाहेर गाठलं. म्हणाला, धाकटे, तो रात्रीच्या पहाऱ्याचा सीन तुम्ही सांगताय की मी सांगू? म्हटलं, तुम्हीच सांगा की. कसला पहारा? असा सीन त्या सिनेमात नाहीच. मला अडकवायला गेला आणि स्वतःच फसला. उद्या सगळ्यांसमोर तोंडघशी पडेल. वाईट वाटतं, पण फार नाही.

भाषण पाठ आहे.

२३ मार्च, रविवार, संध्याकाळ
नकाशा हॉलमध्ये लावला. आमची ताई म्हणाली, काय सुंदर हिरवा आहे रे! चष्मेवाला चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, धाकटे, मधे काय आहे? म्हटलं, जंगल. दाट. तो म्हणाला, बरोबर. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

आधी मी बोललो. दुसऱ्या वाक्यानंतर तिसरं आठवेना. पाणी प्यायलो आणि बसलो.

मग तो बोलला. पहाऱ्याचा सीन आहे म्हणे. ऐन मधोमध. तुकडी जंगलात मुक्काम करते. एक पोरगेला शिपाई कित्येक रात्री झोपलेला नाही, त्या रात्री त्याला झोप लागते. त्याच्या पहाऱ्याची पाळी येते तेव्हा मोठा शिपाई त्याला उठवत नाही. त्याचा पहारा स्वतः करतो. उजाडेपर्यंत नुसता शेजारी बसून राहतो.

चष्मेवाला म्हणाला, दादा दर वेळी इथेच सिनेमा थांबवायचे. म्हणायचे, रविवारी या जागी आमचा धाकटा घोरत असतो. त्याला लहानपणापासून झोप नाही, पण या हेलिकॉप्टरच्या घरघरीने पाच मिनिटांत पडतो. म्हणून मी हेच सिनेमे आणतो, नाहीतर मला कुठे युद्धबिद्ध आवडतं? हा सीन त्याला दाखवायचा राहूनच गेला. उठवावं लागलं असतं ना.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ताई हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. पुतणी म्हणाली, काका, सगळ्यांना माहीत होतं रे. वहिनी म्हणाल्या, आणि भावोजी, तो बारीक आवाज माझ्यासाठी नव्हता हो. मी दुपारची कधी झोपते?

एक मात्र लक्षात आलं. गुरुवारी दादा तासन्‌तास बोलायचा तो माझ्याबद्दल. चष्मेवाल्याला ते सगळं ऐकून घ्यावं लागलं. बिचारा.

मग सिनेमा लावला. मी माझ्या खुर्चीत. चष्मेवाला दादाच्या. मी विचारलं नाही, त्यानेही नाही. निश्चय: आज काही झालं तरी तो सीन बघायचा. मांडीला चिमटा घेऊन बसलो. रेडिओ पाठीवर चढवला. तुकडी निघाली. घरघर सुरू झाली.

कोपर लागलं. चष्मेवाला हळूच म्हणाला, धाकटे, आता बघा. शेवटचं हेलिकॉप्टर येत होतं.

फार टोकदार कोपर आहे त्याचं. सवय करावी लागेल.